पडद्याआडचा वर्ग

मित्रांनो, शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेली सहा लाकडी दारं तुम्ही रोज पाहता. डबा खाऊन झाला की तुम्ही नळावर येता आणि ओले हात खुशाल माझ्यावर झटकता. ही दारं कुठल्या खोलीची, असा प्रश्न अजून तुमच्यापैकी एकालाही पडलेला नाही. पडायचं कारणही नाही म्हणा. जी दारं कुठेच उघडत नाहीत त्यांची चौकशी कोण करणार? पण आज सांगतोच. बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेली ही सहा दारं म्हणजे मी, एक जुना लाकडी पडदा. दोन वर्गांच्या मधोमध उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं.

शाळा बांधायला काढली तेव्हा राज्याकडून पैसे आले होते दोन वर्गखोल्यांचे, आणि त्या वेळच्या गुरुजींना हवं होतं सभागृह. मागून मिळत नाही म्हटलं की माणसाला युक्ती सुचते. गुरुजींनी दोन खोल्यांऐवजी एकच लांबलचक खोली बांधून घेतली आणि मधली भिंत लाकडाची, दुमडता येईल अशी करायला सांगितली. ताणून बंद केली की दोन वर्ग, दुमडून बाजूला सारली की सभागृह. हे काम एका सुताराने आणि त्याच्या मेहुण्याने मिळून केलं. दोघांचं एका खिळ्यावरही एकमत व्हायचं नाही. सुतार म्हणायचा लाकूड जाड हवं, मेहुणा म्हणायचा जाड लाकूड पोरांना ओढवणार नाही. त्या भांडणात माझं एक चाक जरा तिरकं बसलं. तेव्हापासून सरकताना मी कुरकुरतो. स्वभावही हळूहळू तसाच झाला.

पहिली वर्षं सुखाची गेली. सकाळी मोठी मुलं मला ढकलून बाजूला सारायची, सगळी शाळा एकत्र बसायची, मग मला पुन्हा ओढून दोन वर्ग व्हायचे. नाटक असलं की माझ्या मागे राजाचे कपडे बदलले जायचे आणि राणीला मिशी फुटल्याचं शेवटच्या क्षणी लक्षात यायचं. माझ्या दोन दारांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून पेन्सिली, खोडरबर आणि निरोप इकडून तिकडे जायचे. एकदा एक जिवंत बेडूकही गेला, तो मात्र स्वतःच्या इच्छेने गेला नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. मला तर दोन्ही बाजूंना होते. एका बाजूला कविता आणि दुसऱ्या बाजूला पाढे चालले की माझी पार खिचडी व्हायची, पण मुलांना कधी त्रास झाल्याचं आठवत नाही. पाहणीला आलेल्या एका साहेबांनी माझ्या अंगावर थाप मारून गुरुजींचं कौतुक केलं होतं. ती थाप मी पुढे बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरली.

गुरुजी निवृत्त झाले आणि मोठ्या बाई आल्या. त्या मुख्याध्यापिका, म्हणून मोठ्या; अंगाने एवढ्याशाच होत्या. त्यांच्या हाताखाली एकच शिक्षिका, तिला सगळे धाकट्या बाई म्हणत आणि ती मोठ्या बाईंपेक्षा हातभर उंच होती. मोठ्या बाईंविषयी मी आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही त्यांच्यावर रागवाल. म्हणून आधी हे ऐका. माझी कुरकुर ऐकून त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरून शिवणयंत्राचं तेल आणलं आणि पदर खोचून, गुडघ्यांवर बसून माझ्या चाकांना घातलं. आमची वस्ती इस्पितळ आणि मालाची गोदामं यांच्या मधली. पालक म्हणजे हमाल, पहारेकरी, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुणाऱ्या बाया. मूल दोन दिवस दिसलं नाही की बाई थेट त्याच्या दारात. त्यांनी दारातून हाक मारली की पोटात दुखणारं पोरही उठून दप्तर शोधायला लागायचं. छप्पर गळायला लागलं तेव्हा बाईंनी जिल्ह्याच्या कचेरीत इतके खेटे घातले की शेवटी तिथल्या कारकुनाने त्यांना पाहूनच पत्रे मंजूर झाल्याचं सांगितलं. या शाळेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग राज्याने चाचणी आणली. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांची, एकाच दिवशी, एकच परीक्षा. मोठ्या बाईंना आधी आनंदच झाला. कुणीतरी येऊन बघावं तरी आमची मुलं काय शिकतात, असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. चाचणी झाली. आमच्या मुलांपैकी निम्म्यांना प्रश्नच नीट वाचता आले नाहीत. शाळेची सरासरी काढली गेली आणि आमची शाळा लाल यादीत गेली.

लाल यादी म्हणजे काय, ते सांगायला जिल्ह्याचे साहेब स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून तो पुन्हा पुन्हा सांगत होता की हा निर्णय त्याचा नाही, वरचा आहे. पुढच्या वर्षीही शाळा लाल यादीत राहिली तर अनुदान बंद. अनुदान बंद म्हणजे शाळेला कुलूप. मुलांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घेतील. मोठ्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं, की तो रस्ता मुलांना ओलांडून कोण देणार? साहेबांनी त्याची नोंद घेतो म्हणून सांगितलं.

साहेब गेल्यावर बाई रिकाम्या वर्गात बराच वेळ बसून राहिल्या. रात्रंदिवस मालट्रक धावणारा तो रस्ता. आई-बाप पहाटेच कामाला गेलेले. निम्मी मुलं त्या रस्त्यापलीकडे जाणारच नाहीत, घरीच राहतील, आणि घरी राहिली की संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काहीही करून शाळा वाचवायची, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं असावं. काहीही म्हणजे किती, ते मात्र तेव्हा त्यांनाही ठाऊक नसणार.

दुसऱ्या दिवसापासून मुलांची निवड सुरू झाली. ज्यांना थोडा जोर लावला तर चाचणी जमेल अशी मुलं खिडक्यांच्या बाजूला. ज्यांना जमणं कठीण ती नळाच्या बाजूला, जिथे भिंतीला ओल असायची. मग मला ताणून बंद केलं आणि खालच्या कडीला कुलूप घातलं. त्यानंतर सकाळी सगळी शाळा एकत्र बसणंही थांबलं, कारण तेवढाच वेळ सरावाला मिळत होता. खिडकीकडच्या वर्गाचं नाव पडलं तयारीचा वर्ग. तिथे मोठ्या बाई स्वतः शिकवत. माझ्या त्या अंगावर पाढे, नकाशे, शब्दांचे तक्ते खिळ्यांनी ठोकले गेले. नळाकडच्या अंगावर काहीच लागलं नाही.

मुलं फार हुशार असतात हो, ढ असली तरी. नळाकडच्या वर्गाला नाव कुणीच दिलं नव्हतं, तर त्यांनी आपलं आपणच ठेवलं: उरलेले. कुणी विचारलं कुठल्या वर्गात आहेस, तर सरळ सांगायची, उरलेल्यांत. हसत सांगायची. मला त्या हसण्याचा फार त्रास व्हायचा.

या उरलेल्यांना धाकट्या बाई शिकवायच्या. त्यांना घाई नव्हती, कारण त्यांच्या वर्गाकडून कुणालाच काही अपेक्षा नव्हती. त्यांच्याच वर्गात पुटपुटी होती. हे तिचं खरं नाव नव्हे, पण शाळेत ती याच नावाने ओळखली जायची. पुटपुटीला मनात वाचता यायचं नाही. अक्षराखाली बोट ठेवायचं, आवाज काढायचा, तो आपल्याच कानाने ऐकायचा, आणि मग त्याचा अर्थ तिला कळायचा. आवाज नाही तर अर्थ नाही. कितीतरी महिने ती एकेका शब्दाशी झोंबत होती. इतर मुलं हसतात म्हणून धाकट्या बाईंनी तिला माझ्याजवळची कोपऱ्यातली जागा दिली. ती पाठ मला टेकवून वाचायची आणि तिचा आवाज माझ्या लाकडात उतरायचा. खोटं कशाला सांगू, पूर्वी जी कौतुकाची थाप मिळाली होती, तिच्यापेक्षा हे मला जास्त आवडायचं.

एका दुपारी तिने अख्खं पान वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कुठेही न थांबता. वाचून झाल्यावर तिने पान उलटून मागे पाहिलं, जणू कुणीतरी तिच्याऐवजी वाचून तिथे लपलं असावं. धाकट्या बाईंनी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा वाचलं. त्यानंतर तिचं तोंड थांबेना. तिची आई धुलाईखान्यात कामाला होती. ती सांगायची, की ही पोरगी आता साबणाच्या पुड्यापासून दवाखान्याच्या पाटीपर्यंत सगळं वाचते, घरात डोकं उठवलंय. सांगताना तिचा चेहरा मात्र फुललेला असायचा. पुटपुटीने आईला सांगून ठेवलं होतं की या वर्षी मीही चाचणी देणार.

माझ्या पलीकडून मात्र तक्रार यायची. तयारीच्या वर्गातल्या मुलांना त्या गुणगुणण्याने अडथळा व्हायचा. मोठ्या बाई माझ्यावर बोटाने टकटक करायच्या आणि इकडे आवाज थोडा कमी व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

चाचणी दोन दिवसांवर आली तेव्हा शाळा सुटल्यावर मोठ्या बाई नळाकडच्या वर्गात आल्या. धाकट्या बाई फळा पुसत होत्या. मोठ्या बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की या वर्गाला परवा सुट्टी द्यायची. एकही मूल चाचणीला येता कामा नये. धाकट्या बाईंचा हात फळ्यावरच थांबला.

“आणि मुलांनी विचारलं, आम्हालाच का सुट्टी, तर?”

“मुलं सुट्टीचं कारण विचारत नाहीत.”

“विचारतात बाई. ही विचारतात.”

मोठ्या बाई बाकावर बसल्या. त्यांनी सगळं मांडून दाखवलं. ही मुलं बसली तर सरासरी खाली येणार, शाळा पुन्हा लाल यादीत जाणार आणि याच मुलांना रस्त्यापलीकडे जावं लागणार. नाही बसली तर त्यांचं काही बिघडत नाही.

“एक दिवस घरी राहू देत,” त्या म्हणाल्या. “शाळा राहिली तर वर्षानुवर्षं शिकवू त्यांना. शाळाच गेली तर कुठे शिकवणार आहात?”

धाकट्या बाई पुसलेलाच फळा पुन्हा पुसायला लागल्या. मोठ्या बाईंच्या त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणूनच ही गोष्ट सांगताना माझा जीव इतका कुरकुरतो.

चाचणीच्या दिवशी उरलेल्यांपैकी कुणी आलं नाही. पुटपुटी तेवढी आली. तिने घरी सुट्टी आहे म्हणून सांगितलंच होतं, पण आईचा विश्वास बसेना. परीक्षेच्या दिवशी सुट्टी कुठे असते का, म्हणून तिने पोरीला न्हाऊ-माखू घातलं, घट्ट वेणी घातली आणि कामावर जाता जाता फाटकात सोडून ती निघून गेली. आता पुटपुटी व्हरांड्यात उभी आणि समोरून परीक्षकांची गाडी आत शिरतेय. मोठ्या बाईंनी तिचा दंड धरून तिला नळाकडच्या वर्गात आणलं आणि माझ्याजवळच्या तिच्याच जागेवर बसवलं. बाई धापा टाकत होत्या. त्या खाली वाकल्या.

“इथे बसून राहायचं. आवाज काढायचा नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. तुझा आवाज ऐकू गेला तर शाळा बंद होईल. कळलं?”

पुटपुटीने मान डोलावली. बाईंनी बाहेरून कडी लावली.

मित्रांनो, मी त्या दिवशी दोन्हीकडचं पाहत होतो. खिडकीकडे मुलं ओळीने बसलेली, पेन्सिली टोकदार, धाकट्या बाई कोपऱ्यात मान खाली घालून उभ्या. परीक्षक दमलेले, भल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी आधी मुलं मोजली, नंतर कागद वाटले. मग माझ्याकडे बोट करून पलीकडे काय आहे म्हणून सहज विचारलं.

“अडगळ,” मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या शब्दासरशी माझ्या दुसऱ्या अंगाला टेकलेली एक पाठ ताठ झाली. नंतर थोड्या वेळाने पुटपुटीने दप्तरातून पुस्तक काढलं. तिला येत असलेलं ते पान उघडलं. अक्षराखाली बोट ठेवलं. ओठ तिने दातांखाली धरले होते. बोट पहिल्या शब्दाखाली तसंच राहिलं, पुढे सरकेना. तिने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. पलीकडे मुलं भराभर लिहीत होती आणि मधूनमधून पानं उलटल्याचा आवाज येत होता. चाचणी संपेपर्यंत त्या पोरीने माझ्याजवळ बसून श्वाससुद्धा चोरून घेतला.

निकाल लागला आणि आमची शाळा लाल यादीतून बाहेर पडली. नुसती बाहेर पडली नाही, सर्वाधिक सुधारणा झालेल्या शाळांत तिचं नाव झळकलं. फोटो काढायला माणसं आली. माझ्या खिडकीकडच्या अंगापुढे मुलांना उभं करून फोटो निघाला, त्यामुळे मीही त्यात आहे, अर्धाच. मोठ्या बाई त्या फोटोत हसत आहेत आणि ते हसू खरं आहे. वर्षभराने त्यांना त्या दिवशी शांत झोप लागली असेल.

पण परीक्षकांनी मुलं मोजली होती, ती कागद वाटण्यापुरती नव्हेत. एरवी पट तपासायला वेगळे साहेब वेगळ्या दिवशी येत. त्या वर्षी खर्च वाचवायचा म्हणून राज्याने दोन्ही कामं एकाच दिवशी, एकाच माणसाकडे दिली होती. त्या दिवशी जितकी मुलं हजर, तितकीच शाळेत शिकतात असं धरून शिक्षक किती द्यायचे ते ठरणार होतं. हे सगळ्या शाळांना कळवलं होतं. मोठ्या बाईंना सरासरीपलीकडे काही दिसतच नव्हतं, त्यांच्या ते ध्यानातून गेलं. उरलेल्यांची नावं खोटी आहेत, अनुदान उकळायला घातलेली आहेत, असं कचेरीने ठरवलं. शाळेत शिकवायला एक शिक्षक पुरे. दुसऱ्याची बदली.

धाकट्या बाईंना हे कळलं तेव्हा त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, की खरं सांगून टाका. मुलं आहेत, चालती-बोलती आहेत, उद्या नेऊन कचेरीत उभी करू.

“आणि ती चाचणीच्या दिवशी कुठे होती म्हणून विचारलं, तर?” मोठ्या बाईंचा आवाज अगदी खाली गेला होता. “चाचणी रद्द होईल. शाळा बंद होईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तुम्ही जाल. शाळा राहील.”

“ही मुलं राहतील का, बाई?”

इकडे आड तिकडे विहीर. मोठ्या बाईंनी गप्प राहायचं ठरवलं. धाकट्या बाई महिन्याच्या आत दूरच्या शाळेत गेल्या. जाताना त्यांनी मुलांना सांगितलं की मी मधूनमधून येईन. त्या आल्या नाहीत. दूर होतं, यायला जमणारही नव्हतं.

नळाकडचा वर्ग नंतरही भरत होता, पण शिकवायला कुणी नव्हतं. मोठ्या बाई सकाळी येऊन फळ्यावर काहीतरी लिहून द्यायच्या, हे उतरवून काढा म्हणायच्या आणि पलीकडे जायच्या. पलीकडे सरासरी टिकवायची होती. एकदा नाव झालं की ते राखायला दुप्पट राबावं लागतं. इकडे मुलं उतरवून काढायची, मग भांडायची, मग एकेक करून यायची बंद झाली. पूर्वी दारोदार फिरणाऱ्या बाई आता कुणाच्या दारी गेल्या नाहीत. जाऊन सांगणार काय? कागदावर ती मुलं नव्हतीच.

अशात एके दिवशी पुटपुटीची आई आली. कामावरून तशीच आली होती, हात साबणाने पांढरे पडलेले. तिला भांडायचं नव्हतं. ती नळाकडच्या वर्गात उभी राहून मोठ्या बाईंना म्हणाली,

“बाई, आधी वाचून वाचून डोकं उठवायची. आता पुस्तक उघडते आणि नुसती बसते. मी म्हटलं वाच, तर मान हलवते. शाळेत काही झालं का हो?”

मोठ्या बाईंनी काहीच झालं नाही म्हणून सांगितलं. मुलं मोठी झाली की मनात वाचायला लागतात, असंही सांगितलं. आईला ते पटलं. बाईंचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. ती नमस्कार करून गेली.

ती गेल्यावर मोठ्या बाई माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी खालच्या कडीचं कुलूप काढलं. कितीतरी दिवसांनी मी सरकलो. तेलाचा थेंब नव्हता, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा ओरडलो. तयारीच्या वर्गातली मुलं लिहायची थांबून बघायला लागली. बाई कोपऱ्यात बसलेल्या पुटपुटीसमोर जमिनीवर बसल्या. तिचं पुस्तक घेतलं, तेच पान उघडलं आणि तिचं बोट हातात धरून पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

“वाच बाळ. मोठ्यानं वाच. मला ऐकायचंय.”

पुटपुटीने बाईंकडे पाहिलं. मग खिडकीकडच्या वर्गाकडे पाहिलं, तिथल्या सगळ्या तोंडांकडे. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती काळजी होती, एखाद्या मोठ्या माणसाला असते तशी.

“नको बाई,” ती म्हणाली. “शाळा बंद होईल.”

बाईंनी तिला खूप समजावलं. नाही होणार म्हणाल्या, मी चुकीचं बोलले होते म्हणाल्या. तिला जवळ घेतलं. तिच्या हातापाया पडायच्या तेवढ्या राहिल्या. पोरगी काही रागावली नव्हती. बाईंचं म्हणणं ती ऐकत होती आणि ओठ घट्ट मिटून मान हलवत होती. शाळेला तिच्याकडून धोका होता आणि तो धोका ती होऊ देणार नव्हती. एवढं एकच काम शाळेने तिच्यावर सोपवलं होतं. शेवटी बाई उठल्या, मला ओढून बंद केलं आणि माझ्यावर कपाळ टेकवून किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पुटपुटी त्यानंतर थोडेच दिवस आली, मग यायची थांबली. घरी धाकट्या भावाला सांभाळते असं कुणीतरी सांगितलं. आईला वाटतं, पोरगी वाचायला शिकली आहे, फक्त मनात वाचते. खरं काय ते बाई जाणतात आणि मी जाणतो.

पुढच्या वर्षी सुधारलेल्या शाळांना राज्याकडून बक्षीस म्हणून निधी आला. तयारीच्या वर्गात बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून त्यातून माझ्या जागी विटांची पक्की भिंत बांधली. बाईंनी नको म्हटलं नाही. मला काढायला आलेल्या गवंड्याने बिजागऱ्यासुद्धा सोडवल्या नाहीत, सहाच्या सहा दारं एकदम ओढून इथे आणून टेकवली. नळाकडच्या खोलीत आता जुने बाक ठेवतात. मोठ्या बाईंनी त्या दिवशी परीक्षकांना जे सांगितलं होतं ते आता खरं झालं आहे. भिंतीच्या पलीकडे तुम्ही बसता, तुम्हाला चांगले गुण मिळतात, आणि शाळा लाल यादीत पुन्हा कधी गेली नाही. आमची शाळा सुधारली, असं सगळे म्हणतात.

मित्रांनो, माझं लाकूड भिजलं, किडलं, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. लाकडाचं ते व्हायचंच. मला रंग द्या, आत घ्या, असंही मी म्हणणार नाही. मागणं एवढंच आहे. तुमच्या वर्गात कुणी अडखळत वाचत असेल, मोठ्याने चुकत असेल, तर त्याला चुकू द्या. त्याचा आवाज बंद करून कुणाचीही शाळा वाचत नाही. आणि पुढच्या चाचणीच्या दिवशी तुमच्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर पेन्सिल खाली ठेवा आणि तो कुठे आहे म्हणून विचारा. हळू नका विचारू. परीक्षकांना ऐकू जाईल असं विचारा.